आधी कीड ओळखा, मग औषध आणा

पावसाळा जवळ आला की या सदराच्या टपालात झुरळं, ढेकूण आणि वाळवी ठाण मांडून बसतात. बहुतेक पत्रांत औषधांची नावं आणि खर्चाचा आकडा असतो, पण किडीचं वर्णन दोन ओळींचंही नसतं. उत्तर मात्र त्या दोन ओळींवरच ठरतं. म्हणून वाचकांनी ज्या प्रश्नांत खुणा नीट लिहून पाठवल्या, ते प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दर तीन महिन्यांनी माणूस येऊन झुरळांची फवारणी करतो. आठ-दहा दिवस बरे जातात, महिन्याने पुन्हा तेच. झुरळं लहान, फिकट तपकिरी आहेत. ट्रॉलीत, मिक्सरखाली, फ्रिजच्या दाराच्या रबरात सापडतात. हल्ली तर बेडरूमच्या कपाटातही दिसू लागली. आम्ही आठव्या मजल्यावर राहतो, गटाराचा संबंध नाही. (ठाणे)

तुमच्याकडची झुरळं गटारातली नाहीतच. ही जर्मन झुरळं. पूर्ण वाढली तरी 12 ते 15 मिलिमीटर, आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेघा. गटारातून येणारं तांबूस मोठं झुरळ याच्या दुप्पट-तिप्पट असतं. जर्मन झुरळ आयुष्यभर घरातच राहतं. ते घरात येतं किराण्याच्या खोक्यातून, भाजीच्या क्रेटमधून, जुन्या फ्रिज-मायक्रोवेव्हमधून किंवा शेजारच्या घराच्या सामाईक पाइपलगतच्या फटीतून.

महिन्याने ती परत का दिसतात, याचं उत्तर मादीच्या शेपटीशी आहे. अंड्यांचं पाकीट ती जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत अंगाला धरून हिंडते. एका पाकिटात 30 ते 40 अंडी, आणि ती उबायला साधारण चार आठवडे. पाकिटाचं कवच फवारणी आत जाऊ देत नाही. शिवाय अशी मादी फारशी बाहेर पडत नाही, बिजागरीमागे दबून बसते. फवाऱ्याने उघड्यावरची झुरळं मेली, तुम्हाला आठ दिवस आराम मिळाला, आणि चौथ्या आठवड्यात नवी पिल्लं ओट्यावर आली.

बेडरूमचं कोडंही फवाऱ्यातच आहे. बाजारातले बहुतेक फवारे झुरळाला झोंबतात, त्यामुळे ते मरण्याआधी पळतं. स्वयंपाकघरातली वस्ती फुटून घरभर पसरते. त्यात वर्षानुवर्षं तेच औषध सोसलेल्या झुरळांवर त्याचा असरही कमी होतो.

तुम्हाला गरज आहे ती झुरळांनी खायच्या विषारी जेलची. इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के किंवा फिप्रोनिल 0.05 टक्के, दोन्ही सिरिंजमध्ये मिळतात. पण जेल लावण्याआधी फवारा पूर्ण बंद करा आणि जिथे जेल लावणार त्या जागा साबणाच्या पाण्याने पुसून कोरड्या करा. फवाऱ्याचा थर राहिला, तर झुरळ जेलपर्यंत पोचतच नाही. जेल आणि फवारा एकाच दिवशी करणारा माणूस आला, तर त्याला दोन्हीपैकी एकही नीट ठाऊक नाही असं समजायला हरकत नाही.

जागा शोधायची रात्री. दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन जा. झुरळं दिसतीलच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बारीक भरडलेल्या मिऱ्यासारखे काळे कण कुठे साचलेत ते पाहा. ट्रॉलीच्या चॅनलची मागची टोकं, बिजागऱ्यांच्या खाचा, ओट्याच्या दगडाखालची कड, सिंकच्या पाइपभोवतीची फट, फ्रिजच्या मोटारीजवळचा पत्रा, मिक्सरच्या बुडाची हवेची भोकं. कण जिथे दाट, तिथे वस्ती. तिथेच मसुराएवढे ठिपके द्या. नेहमीच्या स्वयंपाकघराला 25 ते 30 ठिपके लागतात. चार ठिकाणी मोठे गोळे ठेवून काम होत नाही, कारण लहान पिल्लं बिळापासून फार दूर जात नाहीत. गरम होणाऱ्या जागी जेल लावू नका, ती वाळते. स्विचबोर्डच्या आसपास काम करायचं तर मेन बंद करूनच.

जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही. ते बिळात परततं, तिथे त्याची विष्ठा आणि मेल्यावर त्याचं शरीर इतर झुरळं खातात, आणि विष पुढे सरकतं. किळसवाणं आहे, पण जेलची खरी ताकद तीच. सातव्या दिवशी पाहणी करा आणि जे ठिपके संपलेत तिथे नवे द्या. चौदाव्या दिवशी पुन्हा. तिसरी फेरी चौथ्या आठवड्यात, पाकिटं उबतात त्या सुमारास. ही तिसरी फेरी लोक हमखास चुकवतात.

एवढं करूनही ठिपके जसेच्या तसे राहिले, तर दोन शक्यता. पहिली म्हणजे रात्री सिंकमध्ये खरकटी भांडी आणि गॅसखाली तेलाचा थर, म्हणजे जेलपेक्षा चांगलं जेवण हाजीर. दुसरी अशी की जर्मन झुरळांच्या काही वस्त्यांत जेलमधलं ग्लुकोज टाळण्याचा गुण पिढीजात आलेला असतो. तेव्हा वेगळ्या औषधाची, वेगळ्या कंपनीची जेल आणा. शेवटी पाइपभोवतीच्या फटी व्हाइट सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवा, नाहीतर शेजाऱ्यांकडून पुरवठा सुरूच राहतो. घरात दम्याचं मूल असेल तर काम लांबणीवर टाकू नका. झुरळांच्या विष्ठेची आणि कातींची धूळ दमा वाढवते.

प्रश्न : सिंकच्या जाळीत डांबरगोळ्या टाकल्या तर झुरळं येत नाहीत, हे खरं का? (सातारा)

फारसं नाही. डांबरगोळीची वाफ बंद पेटीत कोंडली तर काम करते, उघड्या जाळीत ती उडून जाते. मोठी झुरळं पाइपमधून येतात. तिथे उपाय पाण्याचा आहे. नहाणीच्या जाळीखालच्या वाटीत पाणी कायम भरलेलं राहिलं तर झुरळ वर येत नाही. वापरात नसलेल्या बाथरूममधली वाटी आटते आणि रस्ता मोकळा होतो. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता. आणि तान्ह्या बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवू नका. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत त्या वाफेने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते.

प्रश्न : मुलगी पुण्यात पीजीमध्ये राहते. सुट्टीला आली आणि तिच्या सामानातून ढेकूण घरात आले असावेत. अंगावर एका ओळीत गांधी उठतात. गादी टाकून द्यावी का? ओळखीचे एकजण म्हणतात, धान्यातली गोळी खोलीत ठेवून दोन दिवस दार बंद करा. (नाशिक)

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी, कारण ते जिवाशी आहे. ती गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. या वायूवर उतारा नाही. तो दाराखालच्या फटीतून, एसीच्या भोकातून, भिंतीतल्या पाइपलगत शेजारच्या खोलीत आणि शेजारच्या घरात जातो. खोली बंद करणारा बाहेर सुरक्षित राहतो आणि भिंतीपलीकडे झोपलेलं मूल दगावतं, अशा घटना आपल्याकडच्या इमारतींत घडल्या आहेत. ही गोळी घरगुती वापरासाठी विकायला परवानगीच नाही. घरात असेल तर डबी उघडू नका, पाण्यात टाकू नका, केरात तर मुळीच नाही. कृषी सेवा केंद्राला किंवा परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारून त्यांच्या हवाली करा.

आता ढेकूण. गांधी हा पुरावा नव्हे. डास आणि पिसवांच्या गांधीही तशाच दिसतात, आणि काहींच्या अंगावर ढेकूण चावूनही काहीच उठत नाही. गादीच्या शिवणीची पट्टी अंगठ्याने उलटी करून पाहा. शाईच्या पेनाने दिलेल्या टिंबांसारखे काळे ठिपके दिसले, आणि ओल्या कापसाने पुसल्यावर ते तांबूस पसरले, तर ढेकूण नक्की. शेजारी मधाच्या रंगाच्या पोकळ काती आणि 1 मिलिमीटरची पांढरी, चिकटवलेली अंडी दिसतील. पलंगाच्या सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत, डोक्याकडच्या फळीच्या मागे, पडद्याच्या दुमडीत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागेही बघा.

गादी टाकू नका. जिन्यावरून ती नेताना ढेकूण मजल्यामजल्यावर वाटले जातील, आणि पलंगातले तर घरातच राहतील. दुसरी चूक म्हणजे झोपायची खोली बदलणं. माणूस हलला की ते मागोमाग येतात. महिनाभर खोली बंद ठेवूनही उपयोग नाही, कारण ढेकूण काही महिने उपाशी जगतो.

ढेकणाचा खरा शत्रू उष्णता. 50 अंशांना पोचल्यावर ढेकूण आणि अंडी दोन्ही टिकत नाहीत, पण तेवढी उष्णता त्यांच्या अंगापर्यंत पोचली पाहिजे. चादरी, अभ्रे, कपडे, सगळं त्या खोलीतच पिशव्यांत बांधा, मगच बाहेर काढा. 60 अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये सर्वांत गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवा. गादी गच्चीवर टाकणं हा घराघरातला उपाय, पण उन्हात वरचं कापड तापतं आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. म्हणून ऊन हा आधार आहे, पूर्ण इलाज नाही. लोखंडी पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतणं मात्र आजही उत्तम. प्लायच्या पलंगाला ते चालत नाही, तिथे वाफेचं यंत्र वापरा. नळीच्या तोंडाला कापड गुंडाळा, नाहीतर वाफेच्या झोताने ढेकूण उडून दुसरीकडे पडतात. शिवणीवरून हात अगदी सावकाश न्या. वीतभर अंतराला पाच-सात सेकंद.

मग पलंग भिंतीपासून हातभर ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका आणि प्रत्येक पायाखाली गुळगुळीत कडांची वाटी ठेवून आत टाल्कम पावडर भुरभुरवा. वाटीत उतरलेल्या ढेकणाला वर चढता येत नाही, आणि रोज सकाळी किती सापडले ते मोजता येतं. जुन्या घरांत याच वाट्यांत रॉकेल घालत. आगीच्या भीतीने ते नको.

वस्ती खोलवर असेल तर व्यावसायिक फवारणी लागेल. अंडी 6 ते 10 दिवसांत फुटतात आणि बहुतेक औषधं अंड्यांवर चालत नाहीत. त्यामुळे 10 ते 14 दिवसांच्या अंतराने किमान दोन फेऱ्या हव्यात. "एकदाच मारतो, वर्षाची गॅरंटी" असं सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. जमेची बाजू एवढीच की ढेकूण रोग पसरवत असल्याचं आढळलेलं नाही. झोप मात्र घालवतो.

प्रश्न : आम्ही वर्षाचा गहू आणि तांदूळ मे महिन्यात भरतो. कडक ऊन देऊनही श्रावणात गव्हात टोके होतात. मूग-चवळीला तर गोल भोकं पडतात. बोरिक पावडर लावावी की पाऱ्याच्या गोळ्या टाकाव्यात? (सोलापूर)

दोन्ही नकोत. पारा अन्नाजवळ ठेवायची वस्तू नाही. बोरिक पावडर तांदळाला लावली तर ती धुण्यात बरीच निघून जाते, पण गहू न धुता थेट गिरणीत जातो आणि पावडर पोळीत येते.

ऊन देऊनही टोके का होतात? सोंडेवाला टोका दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि वरून लेप लावून बुजवतो. अळी दाण्याच्या आतच वाढते. बाहेरून दाणा साफ दिसतो, आणि चार-पाच आठवड्यांनी आतून किडा निघतो. म्हणजे धान्य घरात येतानाच कीड बरोबर आलेली असते. मूग-चवळीचा भुंगा तर शेतातच शेंगेवर अंडी घालतो. दाण्यावर पांढरा ठिपका दिसला तर तेच त्याचं अंडं.

ऊन देताना थर बोटभर जाडीचाच हवा. ढीग घातला तर आतला दाणा तापत नाही. तासातासाने हात फिरवा. दाणा दाताखाली कट्ट असा तुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. आणि इथे बहुतेक घरांत घोटाळा होतो तो असा की संध्याकाळी कोमट धान्य तसंच कोठीत भरून झाकण लावतात. रात्री कोठी थंड होते, पत्र्याला आतून घाम सुटतो, वरचा थर ओला होतो आणि पावसाळ्यात टोक्यांना तेवढंच हवं असतं. धान्य घरात पसरून रात्रभर गार होऊ द्या, सकाळी भरा. कोठी आधी रिकामी करून दुमडीतला भुसा ब्रशने काढा. मागच्या वर्षीची दोन किलो उरलेली ज्वारी नव्या धान्यावर ओतू नका, नवी कीड त्यातूनच सुरू होते. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. ओला पाला फायद्यापेक्षा ओल जास्त देतो.

अख्ख्या कडधान्याला तेल चोळणं हा आजीच्या काळचा उपाय शास्त्रालाही मान्य आहे. 1 किलोला 5 मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा एरंडेल किंवा खाद्यतेल. तेलाचा पातळ थर अंड्याचा श्वास कोंडतो. डाळ करून ठेवलीत तर आणखी बरं, भुंगा फोडलेल्या डाळीकडे सहसा वळत नाही. तांदूळ, रवा, बेसन थोडं-थोडं आणा. फ्रीझर असेल तर आणलेलं पाकीट उणे 18 अंशांवर चार दिवस ठेवा, आतली अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पाकीट उघडू नका.

टोके झालेला तांदूळ चाळून, धुऊन खाता येतो. वास कुबट असेल, दाणे चिकटून गोळे झाले असतील किंवा बुरशी असेल तर टाकून द्या.

प्रश्न : कोकणातलं जुनं घर. चौकटीखाली पिवळसर भुसा पडतो, मागच्या भिंतीवर मातीच्या रेघाही आहेत. सुतार म्हणतो रॉकेल मारा. (चिपळूण)

तुमच्या घरात दोन वेगळ्या किडी असण्याची शक्यता आहे. भिंतीवरची मातीची रेघ ही जमिनीतल्या वाळवीची नळी. बोटभर नळी खरवडा आणि दोन दिवसांनी पाहा. दुरुस्त झाली असेल तर रस्ता चालू आहे. चौकटीखालचा भुसा मात्र चिमटीत घेऊन पाहा. टाल्कम पावडरसारखा मऊ असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा, लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकंही असतील. खसखशीसारखे सुटे दाणे असतील, आणि भिंगाखाली त्यांना सहा बाजू दिसल्या, तर कोरड्या लाकडातली वाळवी. दमट किनारपट्टीवर ती आढळते आणि तिला जमिनीशी संबंध लागत नाही.

रॉकेल यांतल्या कशालाच पुरत नाही. जमिनीतल्या वाळवीचं वारूळ मातीत असतं, चौकटीत फक्त कामकरी येतात. उपचार मातीलाच करावा लागतो. बांधून झालेल्या घरासाठी भारतीय मानक आयएस 6313 चा भाग 3 आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत 12 मिलिमीटरची भोकं, एकमेकांपासून 30 सेंटिमीटरवर, प्रत्येकात जास्तीत जास्त 1 लिटर द्रावण, नंतर भोक सिमेंटने बंद. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के असेल तर 1 लिटर पाण्यात 2.1 मिलिलिटर. कंत्राटदाराला भोकांचं अंतर आणि औषधाचं प्रमाण विचारा, आणि सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. विहीर जवळ असेल तर ते आधीच सांगा, औषध पाण्यात उतरता कामा नये.

भुंग्याची किंवा कोरड्या वाळवीची चौकट असेल तर लाकडातच बारीक भोकं पाडून औषध सोडावं लागतं. पोकळ झालेला भाग वाचवत बसू नका, बदला. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारी वाळवीची पाखरं बाहेरून आली तर चिंता नाही. ती घरातल्या भिंतीतून किंवा फरशीच्या फटीतून निघाली, तर वाळवी आत पोचलेली आहे.

प्रश्न : मुंग्यांवर हळद टाकली की त्या वळसा घालून येतात. (बेळगाव)

हळदीने मुंग्यांच्या वाटेचा वास मोडतो, मुंगी मरत नाही. बिळातली राणी मेली पाहिजे. 100 मिलिलिटर कोमट पाण्यात 4 चमचे साखर आणि 1 ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाव चमचा, बोरिक पावडर विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात, मुंग्यांच्या रांगेजवळ ठेवा. पहिले दोन दिवस मुंग्या वाढतील, घाबरू नका आणि त्यांना पुसू नका. लवकर परिणाम व्हावा म्हणून बोरिक वाढवू नका. कामकरी मुंगी वाटेतच मेली तर विष राणीपर्यंत पोचत नाही. झाकण मुलांच्या आणि मांजराच्या हाती लागणार नाही अशा जागी हवं.

प्रश्न : रात्री भिंतीकडेने चीं चीं करत पळतं. उंदराची वडी ठेवली, तिला तोंड लावत नाही. (अकोला)

नाक लांब, डोळे बारीक, वास उग्र असेल तर ती चिचुंद्री. ती उंदराच्या जातीतली नाही, झुरळं-किडे खाते, म्हणून धान्याच्या वडीकडे बघत नाही. दार उघडून वाट द्या. उंदीरच असेल तर पिंजरा किंवा चाप वापरा, आमिषाला भाजलेलं सुकं खोबरं, आणि चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. दोन-तीन रात्री चाप न ताणता, नुसतं आमिष ठेवून बघा. 6 मिलिमीटरच्या फटीतूनही लहान उंदीर येतो. तारेची घासणी कोंबून वर सिमेंट करा. वडी खाल्लेला उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो, आणि माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये मेला तर दोन आठवडे वास काढावा लागतो. दाताच्या पेस्टसारख्या ट्यूबमध्ये येणारं पिवळ्या फॉस्फरसचं विष घरात आणूच नका. ते पोटात गेल्यावर एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होतं. कुणाच्या पोटात गेलं असेल तर बरं वाटण्याची वाट न पाहता ट्यूब सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

प्रश्न : पालीसाठी अंड्याची टरफलं टांगली आहेत. उपयोग होईल? (पनवेल)

पाल टरफलावर बसलेली दिसेल. ती ट्यूबलाइटजवळच्या किड्यांसाठी येते. संध्याकाळी खिडकीलगतचा दिवा बंद ठेवा.